वाक्यांचे सगळे प्रकार पाठ आहेत, तरी गेस्ट म्हणतो स्टाफ रूड आहे

पत्र थोडक्यात: निफाड तालुक्यातला २६ वर्षांचा मुलगा. बारावीपर्यंत मराठी मीडियम, नंतर बी.कॉम., आणि आता नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलात फ्रंट डेस्कला. एका गेस्टनं ऑनलाइन रिव्ह्यू टाकला की रिसेप्शनवरचा मुलगा रूड आहे, ऑर्डर सोडल्यासारखा बोलतो. मॅनेजर म्हणाले इंग्लिश सुधार, नाहीतर कुंभमेळ्याच्या सीझनआधी तुला स्टोअरला टाकतो. मग यानं कॉलेज रोडला ग्रामरचा क्लास लावला. असर्टिव्ह (विधानार्थी), इंटरॉगेटिव्ह (प्रश्नार्थी), इम्परेटिव्ह (आज्ञार्थी), एक्सक्लमेटरी (उद्गारार्थी), सिम्पल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स (केवल, संयुक्त, मिश्र), सगळं झालं, टेस्टला २० पैकी १८ मिळाले, पण डेस्कवर फरक शून्य. आता क्लासचे सर म्हणतात लेव्हल टू कर, त्यात कॉम्प्लेक्स सेंटेन्स पक्के होतील, फी ८,५०० रुपये. शेजारी बसणारी इंग्लिश मीडियमची मुलगी याचं बोलणं ऐकून हसते. सोबत सरळसेवेचे फॉर्मही भरणं चालू आहे. तो विचारतो, ‘ताई, माझं ग्रामर अजून कच्चंच आहे का? लेव्हल टू करू की गपचूप स्टोअरला जाऊ? मी मुळात उद्धट नाहीये हो.’

भाऊ,

तू मला ताई म्हणालास म्हणून मीही सरळ तूच म्हणते. तुझं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण सगळं तिथंच आहे. तू उद्धट नाहीयेस हे मला पटलंय, आणि ते तू म्हणतोस म्हणून नाही तर तू डेस्कवर रोज जे बोलतोस ते पत्रात जसंच्या तसं लिहून पाठवलंस म्हणून. बरं केलंस, नाहीतर मीही तुला व्होकॅब्युलरी वाढव, पेपर वाच असलं काहीतरी सांगून मोकळी झाले असते.

तू लिहिलंयस की गेस्ट आला की तू म्हणतोस, ‘येस, टेल.’ मग ‘यू सिट.’ मग ‘गिव्ह आधार.’ आणि रूम झाली नसेल तर ‘रूम नॉट रेडी, यू वेट.’

आता हेच मराठीत म्हणून बघ. ‘हां, बोला. तुम्ही बसा. आधार द्या. रूम तयार नाहीये, तुम्ही थांबा जरा.’ सांग बरं, यात उद्धट काय आहे? निफाडपासून नागपूरपर्यंत कुणालाही यात वावगं वाटणार नाही, उलट पोरगा अदबीनं बोलतो म्हणतील. म्हणजे तुझ्या डोक्यात निघालेलं वाक्य चांगलं होतं, तोंडातून बाहेर पडेपर्यंत त्यातली अदब गळाली. ती नेमकी कुठं गळाली एवढंच आपल्याला शोधायचंय.

आपल्याकडे मान क्रियापदात बसलेला असतो. बस आणि बसा, दे आणि द्या, एक आकार लावला की काम झालं, वर जरा घातलं की अजून मऊ. इंग्रजीत क्रियापदाला ही सोयच नाही. सिट म्हणजे सिट, समोर कुत्रा असो की जज्जसाहेब. पूर्वी त्यांच्यात पण दाऊ आणि यू असा आपल्या तू-तुम्हीसारखा भेद होता, तो सतराव्या शतकापर्यंत रोजच्या बोलण्यातून जवळपास गेला आणि सगळ्यांना मिळून एकटा यू उरला. मग इंग्रज लोक मान दाखवतात कुठं? बऱ्याच वेळा वाक्याचा प्रकार बदलून दाखवतात. आज्ञा करायच्या जागी प्रश्न विचारतात, प्रश्न विचारायच्या जागी साधं विधान करतात. तू क्लासमध्ये जे प्रकार पाठ केलेस ते तुझ्या कामाचेच आहेत, फक्त तुला ते ओळखायला शिकवले, वापरायला शिकवलेच नाहीत.

‘गिव्ह आधार’ हे कुठल्या प्रकारचं वाक्य असं टेस्टमध्ये आलं असतं तर तू डोळे मिटून इम्परेटिव्ह लिहून मार्क घेतला असतास. बरोबरच आहे ते. पण काउंटरच्या पलीकडे प्रवासानं आंबलेला, लेकरू कडेवर घेतलेला माणूस उभा आहे आणि त्याला ते कसं लागेल, हे त्या टेस्टमध्ये कुणी विचारलं नाही. त्यामुळे माझं ग्रामर कच्चं आहे हे जे तू धरून चाललायस ना, ते मला तितकंसं पटत नाही. तुला नावं येतात. तुला अजून हे माहीत नाही की वाक्याचं रूप एक असतं आणि काम दुसरंच असू शकतं.

‘कुड आय सी युअर आयडी, प्लीज?’ हे घे. रूप प्रश्नाचं, शेवटी प्रश्नचिन्ह. पण हे ऐकून कुणी ‘येस, यू कुड’ म्हणून नुसता उभा राहत नाही, पाकीट काढतो. म्हणजे काम विनंतीचं. उलट बाजूनं बघ, गेस्ट म्हणाला, ‘इट्स अ बिट कोल्ड इन हिअर.’ क्लासमध्ये हे असर्टिव्ह, डेस्कवर मात्र याचा अर्थ एसी कमी कर. तू नुसतं ‘येस सर’ म्हणून हसलास तर तो मनातल्या मनात एक स्टार कमी करणार. पुस्तकात छापलेलं असतं की इम्परेटिव्ह वाक्य आज्ञा, विनंती, सल्ला यासाठी येतं. खरंय ते. पण विनंती ही इम्परेटिव्हच्या बाहेरच जास्त राहते, हे पुस्तक सहसा सांगत नाही.

आता तू म्हणशील, मग काय इम्परेटिव्ह सोडूनच देऊ? अजिबात नाही. ‘एन्जॉय युअर स्टे’, ‘हॅव अ सीट’, ‘टेक केअर’, ‘टर्न लेफ्ट अ‍ॅट द सिग्नल’ ही सगळी आज्ञार्थीच आहेत आणि गोड लागतात. जेफ्री लीच म्हणून एक इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९८३ साली हे फार सोपं करून मांडलं. फायदा कुणाचा आणि त्रास कुणाला, एवढं बघायचं. ऐकणाऱ्याचा फायदा असेल तर सरळ आज्ञार्थी बिनधास्त चालतं, म्हणजे बसा, खा, मजा करा. ऐकणाऱ्याला काहीतरी करावं लागणार असेल, द्यावं लागणार असेल, थांबावं लागणार असेल, तर तेच आज्ञार्थी टोचतं आणि तिथं प्रकार बदलावा लागतो. तुझी यादी यावर लावून बघ. ‘सिट’ तसं चाललं असतं, ‘गिव्ह’ आणि ‘वेट’ नाही.

पण मग ‘यू सिट’ का खटकलं? त्या यू मुळे. आपण तुम्ही बसा म्हणतो तेव्हा तुम्हीमुळे मान वाढतो, म्हणून तू यू घालतोस, मनात तुम्हीच असतं. इंग्रजी आज्ञार्थी वाक्यात कर्ता लपलेला असतो, तो मुद्दाम बाहेर काढला की बोट रोखून बोलल्यासारखं होतं, आणि भांडणात जसं म्हणतात ना ‘यू शट अप’, ‘यू गेट आउट’, त्याच साच्यात तुझं बिचारं ‘यू सिट’ जाऊन बसतं. आजपासून आज्ञार्थीतला यू काढ. बाकी काहीच केलं नाहीस तरी एवढ्यानं पण फरक पडेल. ‘येस, टेल’चं पण तसंच, आपल्याकडे हां बोला म्हणजे स्वागत, तिकडे टेल म्हणजे चौकशी सुरू. ‘गुड मॉर्निंग, हाऊ कॅन आय हेल्प यू?’ एवढं तोंडात बसव.

आता एक प्रसंग धरून करू, कारण नुसत्या नियमानं तुझं भागणार नाही. शिर्डीहून पहाटे निघालेली फॅमिली आहे, हैदराबादची, त्र्यंबकेश्वरला दर्शनाला जायचंय. सकाळचे १० वाजलेत. तुमचं चेक-इन १२ चं. दोन आजी-आजोबा, एक झोपलेलं पोरगं, चार बॅगा. सध्या तू म्हणतोस ‘रूम नॉट रेडी, यू वेट’ आणि खाली मान घालून रजिस्टर चाळतोस.

पहिल्यांदा विधान कर, पण पूर्ण कर, इज गिळू नकोस. ‘युअर रूम विल बी रेडी बाय ट्वेल्व्ह.’ इथं तू नॉट रेडी म्हणालाच नाहीस हे लक्षात घे, नकारार्थी वाक्याचं होकारार्थी केलंस आणि खोटं पण बोलला नाहीस. शाळेत रिमूव्ह नॉट नावाचा प्रकार होता ना, दहा वर्षं आपण तो मार्कांसाठी केला, त्याचा खरा उपयोग इथं आहे. मग प्रश्न. ‘वुड यू लाइक टू हॅव ब्रेकफास्ट टिल देन?’ किंवा ‘वुड यू लाइक टू लीव्ह युअर बॅग्स हिअर?’ आजी उभ्या असतील तर त्यांच्याकडे बघून ‘प्लीज हॅव अ सीट’, हे आज्ञार्थी चालतं कारण फायदा त्यांचा. मग आयडी. ‘मे आय सी युअर आयडी कार्ड्स, प्लीज?’ आणि तुला वाटलं की ते घाईत आहेत, दर्शन करून येतो म्हणतायत, तर परत एक विधान, ‘त्र्यंबकेश्वर इज अबाउट थर्टी किलोमीटर्स फ्रॉम हिअर.’ एवढ्यावरून त्यांचं त्यांना कळतं की जाऊन यायला वेळ आहे का.

किती वाक्यं झाली? मोजू नकोस, पण एक बघ, यात एकसुद्धा कॉम्प्लेक्स नाही. सगळी सिम्पल. आणि यातलं एकही वाक्य तुझ्या आत्ताच्या इंग्रजीच्या बाहेरचं नाहीये.

प्लीजबद्दल एक सांगून ठेवते. प्रत्येक आज्ञेपुढे प्लीज चिकटवला की झालं असं क्लासमध्ये सांगतात, ते अर्धवट आहे. ‘प्लीज वेट’ एकदा ठीक, तिसऱ्यांदा म्हटलास की त्याचा अर्थ गप्प बसा असा होतो. त्याऐवजी कारण सांग. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत तुम्हाला त्याची माहिती सरकारी फॉर्ममध्ये ऑनलाइन भरावी लागते, मग नुसतं ‘गिव्ह पासपोर्ट’ म्हणण्यापेक्षा ‘वी हॅव टू फिल अ फॉर्म फॉर ऑल फॉरेन गेस्ट्स. कुड आय टेक अ कॉपी ऑफ युअर पासपोर्ट अँड व्हिसा?’ एक विधान, एक प्रश्न. पहिल्यात कळतं की नियम सगळ्यांना सारखा आहे, माझ्यावर संशय नाही. दुसऱ्यात परवानगी मागितली जाते. नाही म्हणायची त्याला मुभा नाहीच, पण विचारलं गेलं हे माणसाला बरं वाटतं.

प्रश्न विचारतानाची अजून एक गोष्ट. आपला का शेवटी येतो, तुम्ही आज चेकआउट करताय का. त्यामुळे आपण इंग्रजीत ‘यू आर चेकिंग आउट टुडे?’ असं विधान करून शेवटी सूर उचलतो. चालतं ते, चूक नाही, पण सूर उचलायचा राहिला की तेच वाक्य निघा आता असं ऐकू येतं. ‘आर यू चेकिंग आउट टुडे?’ म्हण, आर पुढे आणला की सुरावर अवलंबून राहायला नको. आणि ‘व्हाय’नं सुरू होणारे प्रश्न शक्यतो टाळ. ‘व्हाय यू आर लेट’ वगैरे. घरच्यांना पण ‘का उशीर झाला’ विचारलं की तोंड वाकडं होतं, हे तर गिऱ्हाईक.

एक्सक्लमेटरीवर मी वेळ घालवत नाही. ‘व्हॉट अ ब्युटिफुल व्ह्यू!’ हे गेस्टनं गंगापूर धरणाकडे बघून म्हणायचं असतं, तुझ्या वाट्याला ‘थँक यू, सर’ एवढंच येतं. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर गेस्टला मेसेज टाकताना तीन-तीन उद्गारचिन्हं देऊ नकोस. ‘पेमेंट पेंडिंग’पुढे तीन उद्गारचिन्हं म्हणजे वसुलीची नोटीस वाटते.

आता लेव्हल टू. तुझ्या पत्रात एक गोंधळ आहे, तो आधी सोडवते कारण तुझे सर तो तसाच ठेवून पुढे जातायत असं मला वाटतं. तू विचारलंयस की इम्परेटिव्ह वाक्य सिम्पलमध्ये मोडतं की कॉम्प्लेक्समध्ये. अरे, या दोन वेगवेगळ्या वाटण्या आहेत. तू निफाडचा, तुला कांद्याचं सांगते. कांदा लाल की उन्हाळ ही एक प्रतवारी, आणि मोठा की गोल्टी ही दुसरी. एकच कांदा उन्हाळ पण असतो आणि गोल्टी पण, लासलगावच्या मार्केटात यावरून कुणी भांडत नाही. तसंच असर्टिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इम्परेटिव्ह, एक्सक्लमेटरी ही वाटणी वाक्याचं रूप विधानाचं, प्रश्नाचं, आज्ञेचं की उद्गाराचं त्यावरून, आणि सिम्पल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स ही वाटणी वाक्य कसं बांधलंय त्यावरून. ‘इफ यू नीड हॉट वॉटर, प्लीज डायल नाइन’ हे इम्परेटिव्ह पण आहे आणि कॉम्प्लेक्स पण आहे.

आणि बांधणी अवघड म्हणजे इंग्रजी भारी, हे तुला कुणी सांगितलं? तुझ्याकडे येणारे लोक कोण आहेत ते बघ. तूच लिहिलंयस की निम्म्याहून जास्त गेस्ट आंध्र, तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडू, गुजरात असे, शिर्डी-त्र्यंबक-पंचवटी करणारे. त्यांची पण इंग्रजी दुसरी नाहीतर तिसरी भाषा. त्यांना लांबलचक विच आणि हूम लावलेलं वाक्य ऐकवलंस तर ते ‘हां हां’ म्हणतील आणि परत येऊन तेच विचारतील. मुंबईहून वाइनरी बघायला येणारी पोरं तर ऐकतच नाहीत, त्यांना फक्त वायफायचा पासवर्ड पाहिजे असतो. तुला डेस्कवर कॉम्प्लेक्सपैकी तीनच बांधण्या रोज लागतील, इफ, व्हेन आणि बिकॉज. त्या तुला येतात.

फक्त दोन-तीन ठिकाणी मराठी आपल्याला आत ओढते ते बघून ठेव. आपलं जरी-तरी जोडीनं येतं, म्हणून आपण ‘ऑल्दो द लिफ्ट इज नॉट वर्किंग, बट वी विल कॅरी युअर बॅग्स’ म्हणतो. इंग्रजीत दोन्हीतला एकच, ऑल्दो ठेव नाहीतर बट ठेव. बट ठेवलास की कंपाउंड, ऑल्दो ठेवलास की कॉम्प्लेक्स, अर्थ तोच. डेस्कसाठी बट चांगला. तसंच बिकॉजनं सुरुवात केलीस की मध्ये परत सो घालू नकोस. आणि प्रश्न वाक्याच्या पोटात गेला की त्याची उलटापालट जाते, ‘आय डोन्ट नो व्हेअर इज द मॅनेजर’ नाही, ‘आय डोन्ट नो व्हेअर द मॅनेजर इज.’ खरं तर मॅनेजर कुठं आहेत माहीत नाही असं गेस्टला सांगूच नये, ‘आय विल कॉल हिम’ म्हणावं, पण ते जाऊ दे.

आता सरळसेवा. इथं मात्र मी क्लासच्या बाजूनं बोलते, कारण परीक्षेत नावंच विचारतात आणि नावाला मार्क आहे. पण त्यासाठी ८,५०० रुपयांची गरज नाही, एका रविवारचं काम आहे. एक, असर्टिव्ह आणि डिक्लेरेटिव्ह ही एकाच प्रकाराची दोन नावं, पर्यायात कुठलंही येऊ दे, घाबरायचं नाही. दोन, आपल्याकडच्या काही पुस्तकांत ‘मे गॉड ब्लेस यू’सारख्या इच्छा-आशीर्वादाच्या वाक्यांना ऑप्टेटिव्ह असं पाचवं नाव देतात, काहींत ते चारांतच बसवतात, तेव्हा जी परीक्षा देतोयस तिचे जुने पेपर बघ आणि त्याप्रमाणे जा.

सिम्पल-कंपाउंड-कॉम्प्लेक्स ओळखायला वाक्याची लांबी बघू नकोस, सगळे तिथंच फसतात. काळ दाखवणारी क्रियापदं मोज. ‘आफ्टर चेकिंग द बिल इन फ्रंट ऑफ द मॅनेजर, द गेस्ट साइन्ड इट’, वाक्य मोठं आहे पण काळ दाखवणारं क्रियापद एकटं साइन्ड, चेकिंगला काळ नाही, म्हणून सिम्पल. ‘बिफोर ही लेफ्ट, ही साइन्ड’, वाक्य छोटं पण लेफ्ट आणि साइन्ड दोन, आणि बिफोरवाला तुकडा एकटा उभा राहू शकत नाही, म्हणून कॉम्प्लेक्स. दोन्ही तुकडे आपापल्या पायावर उभे असतील आणि मध्ये अँड, बट, ऑर, सो असं काही असेल तर कंपाउंड. टू लागलेलं क्रियापद मोजायचं नाही, नुसतं आयएनजी मोजायचं नाही. एवढंच.

आणि हे तुला मराठीतून येतं रे. केवल, संयुक्त, मिश्र, हे शाळेत केलंयस ना? तेच आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरच, त्यामुळे दोन्हीकडची मांडणी इतकी मिळतीजुळती वाटते यात नवल नाही. मराठी मीडियम म्हणून तू इथं मागे नाहीयेस, उलट वाक्यपृथक्करण केलेला पोरगा इथं पुढे असतो. तुझ्या शेजारची मुलगी, तिला एकदा सहज विचार, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्समध्ये फरक काय. मला खात्री आहे ती अडखळेल. तिला खाली दाखवायला विचारू नकोस हां. तुझ्या लक्षात यावं म्हणून सांगतेय की तिचं बोलणं नावांवर चालत नाही, ऐकून-ऐकून तोंडात बसलेल्या वाक्यांवर चालतं, आणि ते तुलाही जमेल. हसते म्हणतोस, तर त्याचा एक उपयोग करून घे. रिकाम्या वेळेत तिला सरळ म्हण की मी गेस्टशी बोलल्यावर जिथं तुला हसू येतं तिथं मला नंतर सांगशील का, काय म्हणायला पाहिजे होतं. बहुतेक जण असं विचारल्यावर हसायचे थांबतात आणि सांगायला लागतात. नाहीच सांगितलं तर सोड, तिच्यावाचून अडत नाही.

मग करायचं काय. एक वही घे, नाहीतर फोनमध्ये नोट. रोज डेस्कवर जे बोलावं लागतं ते आधी मराठीत लिही, अगदी तुझ्या बोलीत, ‘लाइट गेलीये, जनरेटर चालू करतोय’, ‘पार्किंग मागच्या बाजूला आहे’, ‘बाहेरचं जेवण रूममध्ये चालत नाही’. मग प्रत्येकापुढे लिही, त्रास कुणाला. गेस्टला त्रास असेल तर इंग्रजीत ते प्रश्न म्हणून किंवा कारण दिलेलं विधान म्हणून फिरव. फायदा गेस्टचा असेल तर आज्ञार्थी ठेव, यू काढ. वीस-पंचवीस वाक्यांत तुमचं हॉटेल संपतं, बघ करून. मग ती म्हणून बघ, मनातल्या मनात नाही, मोठ्यानं, बाइकवर हेल्मेटच्या आत म्हटलीस तरी चालतील. द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये तसाही वेळ असतोच.

हे फक्त तुझ्यासाठी नाहीये. हॉस्पिटलच्या रिसेप्शनला, बँकेच्या काउंटरला, अंबड-सातपूरच्या कंपन्यांत परचेसला बसून मेल टाकणाऱ्या कितीतरी जणांचं हेच होतं. ‘सेंड कोटेशन टुडे’ लिहितात आणि पुण्याचा सप्लायर चिडतो, मग कुणीतरी सांगतं म्हणून ‘काइंडली डू द नीडफुल’ चिकटवतात, त्यातून पुढच्याला नक्की काय पाठवायचं तेच कळत नाही. ‘कुड यू सेंड द कोटेशन बाय फाइव्ह? अवर मीटिंग इज अ‍ॅट सिक्स.’ प्रश्न आणि कारण, इतकंच तिथंही लागतं.

स्टोअरचं म्हणशील तर त्यात कमीपणा काहीच नाही. बी.कॉम. आहेस, स्टॉक आणि बिलं तुला जमतील, आणि पेपरचा अभ्यास करायला वेळ पण जास्त मिळेल कदाचित. तुला ते काम आवडत असेल तर जा, आनंदानं जा. पण गपचूप जाऊ हा जो शब्द तू वापरलास तो मला आवडला नाही. एका रिव्ह्यूमुळे आणि पाठीमागच्या हसण्यामुळे जात असशील तर थांब. कुंभमेळा २०२७ ला आहे, त्या गर्दीत डेस्कवर उभं राहिलेल्या पोराला पुढं कुठल्याही हॉटेलात काम मिळतं, तो अनुभव स्टोअरमध्ये मिळणार नाही. मॅनेजरांना भेट आणि दोन गोष्टी विचार. इंग्लिश सुधार म्हणजे नक्की काय सुधारायचं, आणि किती दिवसांत. त्यांनाही बहुतेक इंग्लिश म्हणायचं नसेल, टोन म्हणायचं असेल. त्यांना तुझी वही दाखव, दोन महिने मागून घे. तो रिव्ह्यू अजून तसाच पडला असेल तर त्याला उत्तर पण तूच लिहून त्यांच्याकडे ने, ‘वी आर सॉरी अबाउट युअर एक्सपीरियन्स अ‍ॅट द डेस्क. वी हॅव वर्क्ड ऑन इट. वुड यू गिव्ह अस अनदर चान्स?’ त्यांच्या नावानं टाकू दे.

आणि लेव्हल टूचे पैसे भरायच्या आधी सरांना विचार की तासात किती वेळ आम्ही बोलणार आणि किती वेळ वहीत लिहिणार. एक डेमो लेक्चर बसून बघ. पोरं उभी राहून, समोरासमोर, एकाच गोष्टीचं आज्ञार्थीचं प्रश्नार्थी, नकारार्थीचं होकारार्थी असं तोंडी फिरवत असतील तर ८,५०० जास्त नाहीत, भर. गाळलेल्या जागा आणि प्रकार ओळखा एवढंच असेल तर ते तुला २० पैकी १८ येतंच. आधीच काही टोकन दिलं असशील तर डेमो आवडला नाही तर परत मिळेल का तेही आत्ताच विचार, स्पष्ट मराठीत विचार, आणि पावती घे.